सूर धरणारा

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात दोन मित्र सनई वाजवायचे. एक गाणं वाजवायचा. दुसरा शेजारी बसून, नाकाने श्वास घेत, गाल फुगवून एकच सूर धरायचा. तो सूर मध्ये कुठेही तुटत नसे. वाहवा मात्र गाणं वाजवणाऱ्याची व्हायची.

एका लग्नात कुणीतरी सूर धरणाऱ्याचं कौतुक केलं. पहिल्याला ते झोंबलं. चारचौघांत तो म्हणाला, "त्यात काय? सूर कुणीही धरेल!"

दुसऱ्याने सनई गुंडाळली आणि तो नदीपलीकडे बहिणीच्या गावी राहायला गेला.

पहिल्याने आणखी तिघांना सूर धरायला बसवून पाहिलं. कुणाचाच दम पुरेना. आपलं चुकलं हे त्याला कळलं होतं हो, पण पाय निघेना. 'मी गेलो आणि त्याने दार लावून घेतलं तर?' रोज संध्याकाळी तो पलीकडे तोंड करून सनई वाजवायचा. वाटायचं, ऐकून तो समजून घेईल.

पलीकडे दुसरा ऐकायचा. त्याचा राग केव्हाच विरला होता. अंगणात बसून तो हळूच सूर धरायचा. पुढे पुढे नुसताच ऐकत बसायचा. जीव तुटायचा, पण 'चूक त्याची, त्यानेच यावं' म्हणून तोही हटून बसला. आणि नदी ती केवढी? गुडघाभर पाण्याची! अशी दहा वर्षं गेली.

शेवटी पहिल्याची बायको वैतागली. "अहो, नदीला किती दिवस ऐकवणार? तिचं काय बिघडवलंय तुम्ही? ज्याचं मन दुखावलंत, त्याच्याकडे जा की!"

तो उठला, सनई काखेत मारून, धोतर खोचून नदी उतरला आणि मित्राच्या दारात उभा राहिला. "चुकलो मी. तुझं कौतुक मला सहन झालं नाही. म्हणून तसं बोललो."

"एवढंच ऐकायचं होतं रे. माफ तर पहिल्याच वर्षी केलं होतं."

दोघेही रडले. मग पहिला म्हणाला, "चल, धर सूर."

दुसऱ्याने सनई ओठांना लावली. सूर क्षणभर टिकला आणि तुटला. त्याला खोकला आला. "छातीत तेवढा दम उरला नाही आता. उशीर केलास गड्या." मग थोडं थांबून म्हणाला, "मीही केला."

पहिल्याला भडभडून आलं. गेलेली वर्षं आता कुठून आणायची? मग त्याने आपली सनई हातात घेतली.

"गाण्यात श्वास घ्यायला जागा असते," तो म्हणाला. "तू गाणं वाजव. सूर मी धरतो."

गाणं अडखळत झालं, छोटंसंच झालं. धरणाऱ्याचे गाल दुखून आले, डोळे वाहू लागले, पण सूर त्याने तुटू दिला नाही.

तात्पर्य: मनातल्या मनात मागितलेली माफी आणि मनातल्या मनात केलेली क्षमा मनातच राहते, मधली वर्षं मात्र दोघांचीही जातात.