अर्ध्या मिशीची साक्ष

लई जुनी गोष्ट आहे. तेव्हा एका राज्यात एक चाल होती. कुणी चारचौघांत खोटं बोललं की न्हावी यायचा आणि त्याची अर्धी मिशी उडवायचा. अर्धीच बरं का. पूर्ण उडवली तर माणूस उलट बराच दिसायचा! आणि अर्ध्या मिशीवाल्याची साक्ष मग कुणीच धरायचं नाही. त्यानं चोराला डोळ्यांनी बघितलं तरी त्याला विचारायचं नाही.

त्या राज्यात सटवाजी नावाचा एक भटक्या होता. एकदा तो एका भल्यामोठ्या करकोच्याच्या पाठीवर बसून थेट मंगळावर जाऊन आला. तिथं श्वास कसा घेतला ते विचारू नका. करकोचा बोलतो त्या गोष्टीत श्वासाचं काय घेऊन बसलात!

आल्या आल्या तो दरबारात गेला.

"महाराज, तिकडं एवढी धूळ असते की आभाळ दिवसभर गुळाच्या रंगाचं दिसतं. आणि सूर्य मावळायला लागला की त्याच्याभोवती निळं निळं होतं."

"म्हणजे आपल्या उलट?" राजानं विचारलं.

"अगदी उलट."

"आभाळ काय सदरा आहे, उलटा घालायला? न्हाव्याला बोलवा!"

"महाराज, आधी चला, बघा, मग कापा."

"राजाला बघायला जावं लागत नाही. राजाला माहीत असतं."

झालं. डावी मिशी गेली.

दुसऱ्या दिवसापासून सटवाजीला कुणी साधी वाटसुद्धा विचारेना. जन्मभर भटकलेला माणूस, आणि त्याला वाट विचारायची नाही! त्याला ते फार लागलं. तो परत दरबारात गेला.

"महाराज, एकदा चला. मी खोटा निघालो तर मुंडकं घ्या. खरा निघालो तर माझा शब्द मला परत द्या."

राजाच्या पण डोक्यात ते निळं आभाळ घुसलंच होतं. तो निघाला.

करकोचा म्हणाला, "दोघं? एकाचं पोट जरा जड आहे."

"कुणाचं?"

"नाव घेत नाही. राजेलोक चिडतात."

मंगळावर पोचले तर काय! वर सगळं आभाळ गुळासारखं. सूर्य पण आपल्याकडच्यापेक्षा बारका. संध्याकाळी सूर्य खाली गेला आणि त्याच्याभोवती मंद निळा उजेड पसरला. राजा बघतच राहिला.

"सटवाजी, खरा निघालास रे! घरी गेलो की भर दरबारात सांगतो."

तेवढ्यात तिथल्या गावची चांगुणा पाटलीण माणसं घेऊन आली. "पाहुणे, तुमच्याकडं कसं असतं हो आभाळ?"

राजा छाती फुगवून म्हणाला, "आमच्याकडं दिवसभर निळं! आणि संध्याकाळी लाल!"

सगळं गाव खो खो हसलं. "दिवसा निळं म्हणे! मग संध्याकाळी काय बघता, डोंबल?"

"खोटं नाही सांगत! शपथ!"

"पाहुणे, आमच्यात चारचौघांत खोटं बोलणाऱ्याची अर्धी मिशी काढतात," पाटलीण म्हणाली. न्हावी काय, कुठल्याही ग्रहावर मिळतो. तो वस्तरा घेऊन तयारच होता.

राजानं मिशीवर हात ठेवला. "थांबा! माझा साक्षीदार आहे. सटवाजी, सांग यांना!"

सटवाजी लगेच पुढं झाला. "खरंय बाई. मी तिथलाच. दिवसा निळंच असतं."

पाटलिणीनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "तुझी एवढी मिशी कुणी काढली रे बाबा?"

सटवाजी उरलेली मिशी पिळत राहिला. राजाकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी काढली," राजा हळूच म्हणाला.

"मग तुमच्याच हातानं खोटा ठरलेला माणूस तुम्हीच साक्षीला आणलात?" पाटलीण म्हणाली. "घ्या रे उजवी!"

दोघं परत आले. एकाला डावी नाही, एकाला उजवी नाही. दरबारात हसायची कुणाची छाती होत नव्हती, पण खांबाआडून खुसखुस ऐकू येत होती. राजानं सटवाजीला आपल्या शेजारी बसवलं. झालं ते सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि हुकूम दिला, "आजपासून आधी बघायचं, मग वस्तरा."

म्हणून सांगतो: दुसऱ्याचं आभाळ न बघता त्याला खोटं पाडलं, तर आपलं आभाळ खरं आहे हे सांगायला कुणी उरत नाही.