दयाळाचा गळा

सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या उंबरावर एक दयाळ पक्षी राहत असे. अंगाने लहानसा, रंगाने काळा-पांढरा. पण त्याची शीळ अशी गोड, की चरणारी जनावरे मान वर करून थांबत. मुलांनो, तो त्याचा गाण्याचा पहिलाच वसंत होता. उंबराखाली गर्दी वाढू लागली, तसा एक कोल्हा त्याच्याकडे आला. म्हणाला, "दयाळराव, नाव झालंय तोवर गाऊन घ्या. माकडांकडे बारसं आहे, रानडुकरांकडे लग्न आहे. मी सगळ्यांना शब्द देऊन आलोय." दयाळ हरखून गेला. सकाळी माकडांकडे, दुपारी रानडुकरांकडे, संध्याकाळी तळ्यावर, असा तो दिवसभर गाऊ लागला. ऐकणाऱ्यांना उंच तान आवडते हे त्याच्या ध्यानात आले. मग तीच तान तो दिवसातून वीस वेळा घेई.

ओढ्याच्या खडकांत एक म्हातारा कस्तूर पक्षी राहत होता. तो नऊ वसंत गात आला होता. त्याने एकदा दयाळाला विचारले, "गातोस छान. पण रियाज कधी करतोस?"

"आजोबा, रोज एवढं गातो, आणखी रियाज कशाला?"

"चारचौघांत चूक झाकावी लागते, बाळा. रियाजात ती उघडून बघता येते. बरं, थकल्यावर थांबतोस तरी का?"

"थांबलो तर सगळे मला विसरतील," असे म्हणून दयाळ उडून गेला. माकडे वाट पाहत होती.

चैत्र सरता सरता तळ्याकाठी मोठा मेळा भरला. सशापासून वाघापर्यंत सगळे आले. दयाळाने तान घेतली आणि गळ्यातून नुसती खरखर बाहेर पडली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. कोणी हसले, बाकीचे मुकाट्याने उठून गेले. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी त्याच जागी कोल्ह्याने एका बुलबुलाला आणून बसवले. दयाळाने ते करवंदीच्या जाळीतून पाहिले आणि तो थेट कस्तुराकडे गेला. "आजोबा, माझं गाणं संपलं का?" हे विचारतानाही त्याचा आवाज फाटत होता.

कस्तुराने त्याला चोच उघडायला लावली आणि नीट पाहिले. "गळा सुजलाय, गेलेला नाही. पण थंडी पडेपर्यंत एक सूरही काढायचा नाही. नुसतं ऐकायचं."

ते महिने दयाळाला फार जड गेले. पलीकडच्या काठावर बुलबुलाची वाहवा चालू असे आणि ती त्याला स्पष्ट ऐकू येई. पण तो ऐकत राहिला. कोणता पक्षी श्वास कुठे घेतो, सूर कुठे सोडतो, हे त्याला प्रथमच कळले. थंडीत तो पानांआड बसून हलक्या आवाजात गुणगुणू लागला. आधी खालचे सूर, मग मधले. उंच तानेला त्याने सगळ्यात शेवटी हात घातला.

वसंत आला, तसा कोल्हाही परत आला. बुलबुलाचा गळा बसला होता. "दयाळराव, जंगल तुमची वाट बघतंय. उद्या चार ठिकाणी गायचंय."

"मी पहाटे एकदा गाईन," दयाळ म्हणाला. "बाकीचा वेळ माझ्या शिकण्याचा. आणि त्या बुलबुलाला आमच्या आजोबांकडे पाठवा."

"अहो, अशानं उंबराखाली कुणी फिरकणार नाही!"

"येतील तेवढे येतील."

त्या वर्षी खरोखरच थोडे आले. दयाळाला ते लागले, पण त्याने नेम मोडला नाही. दर वसंतात तो दोन नव्या शिळा बसवून आणी आणि पहाट सरली की थांबे. असे आठ वसंत गेले. एका पहाटे एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन उंबराखाली आली. "मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हापासून यांचं गाणं ऐकतेय," ती हळूच म्हणाली. "हल्ली तर ते जास्तच छान गातात." पाडसाने कान टवकारले. वर दयाळाने पहिला सूर लावला होता.

तात्पर्य : वाहवा एका हंगामात मिळते; कला जन्मभर टिकवायची असेल, तर सादर करण्याइतकाच वेळ शिकण्याला आणि विसाव्याला द्यावा.