सारसीच्या शिंपल्यातील औषध

एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी, लव्हाळ्यांच्या दाटीत, एक वृद्ध सारस एकटाच राहत असे. मुलांनो, सारसांची रीत अशी की ते जोडीने राहतात आणि जोडीनेच बोलतात. नर एक दीर्घ साद घालतो आणि ती विरण्यापूर्वीच मादी तिला दोन आखूड सुरांनी उत्तर देते. दुरून ऐकणाऱ्याला ते एकाच कंठातून निघालेले गाणे वाटते. या सारसाची सारसी मागल्या उन्हाळ्यात निवर्तली होती. तरीही तो रोज सकाळी मान उंचावून साद घाली आणि मग तिच्या दोन सुरांना लागेल एवढी जागा मोकळी सोडून उभा राही. ती जागा मोकळीच राही.

सरोवरातील एक जुने कासव त्या परिसराचे वैद्य होते. सारसीच्या आजारपणात त्याने तिच्यासाठी काळसर गोळ्या वळून दिल्या होत्या आणि तिने त्या एका शिंपल्यात, वाळ्याच्या मुळीसोबत जपून ठेवल्या होत्या. ती गेल्यावर कासव म्हणाले होते, "उरलेले औषध मला परत आणून दे. ते घरात ठेवू नये." सारसाने मान डोलावली, परंतु शिंपला काही त्याच्या चोचीतून सुटला नाही. दिवस कलला की तो शिंपला उघडी. वाळ्याचा गंध दरवळला की त्याला वाटे, ती पाणी प्यायला गेली आहे, एवढ्यात येईल.

शेजारच्या खड्यांत राहणारी टिटवी सारसीला थोरली बहीण मानी, म्हणून ती सारसाला भावोजी म्हणे. त्याचे हे गंध घेणे पाहून ती टोकल्यावाचून राहत नसे. "भावोजी, नाकाला मेजवानी आणि पोटाला उपास! कमळाचे कंद काय आपल्या पायांनी चालत येणार आहेत?" सारस नुसती मान वळवी.

हिवाळा आला, पाण्यावर धुके उतरू लागले आणि सारसाला खोकला जडला. टिटवी म्हणाली, "पलीकडच्या खडकावर वैद्यबुवा ऊन खात बसले आहेत. जाऊन छाती दाखवून या."

"कशाला? तिलाही असाच खोकला होता," सारस म्हणाला. "तिचे औषध घरातच आहे."

"तिचे आहे ना? मग ते तुमचे कसे होईल? माझी पिसे घाला बरे अंगात, पाहू पुरतात का!"

सारस खोकला आणि हलकेच म्हणाला, "ती असती तर तिने स्वतःच्या चोचीने भरवले असते गं."

त्याने शिंपला उघडला. वाळ्याचा गंध आता मंद झाला होता. त्याने डोळे मिटले आणि चोचीत येतील तेवढ्या गोळ्या गिळल्या. क्षणभर त्याला खरोखरच वाटले, कोणीतरी त्याला भरवीत आहे.

थोड्या वेळाने त्याचे पाय जड झाले. सरोवर डोळ्यांपुढे डोलू लागले. सवयीने त्याने साद घातली. आणि काय आश्चर्य! धुक्याच्या आतून दोन आखूड सूर उमटले. तेच, किंचित चिरकणारे. सारस पाण्यात उतरला. त्याने पुन्हा साद घातली, पुन्हा उत्तर आले; मात्र ते आता अधिक आत होते. "आलो गं, थांब जरा," असे पुटपुटत तो पुढे चालला. पाणी पोटाला लागले, छातीला लागले, आणि मानेशी येताच त्याचे पाय दुमडले.

टिटवीच्या ओरडण्याला एरवी कोणी भीक घालत नसे, कारण पान हलले तरी ती ओरडे. परंतु त्या दिवशीची तिची किंकाळी ऐकताच कासवाने खडकावरून थेट पाण्यात बुडी घेतली, सारसाच्या छातीखाली आपली पाठ दिली आणि त्याला काठाला आणले. "काय खाल्लेस?" कासवाने विचारले. सारसाला वाचा नव्हती. टिटवीने धावत जाऊन शिंपला ओढत आणला. त्यातील औषध ओळखून कासवाने वेळ न दवडता त्यावरचा उतारा दिला.

दुपार टळली तेव्हा सारसाने डोळे उघडले. "वैद्यराज, तिने उत्तर दिले. मी ऐकले."

कासव त्याच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तुला ऐकू आले हे खोटे नाही, पण ते उत्तर तिचे नव्हते, त्या गोळ्यांचे होते. तिचे हृदय शिणले होते, तिचा खोकला तेथून येत होता. तुझ्या छातीत थंडी साठली आहे. खोकला सारखा दिसला, तरी रोग निराळा. जे तिच्या हृदयाला आधार देत होते, ते तुझे धडधाकट हृदय थांबवू लागले. शिवाय पावसाळाभर ओलीत पडलेल्या औषधाचे काय झाले असेल, हे मलाही सांगता यायचे नाही."

सारसाची दृष्टी शिंपल्याकडे वळली. "अजून काही उरल्या आहेत," तो अगदी हळू म्हणाला.

"आहेत," कासव म्हणाले. "त्या घेतल्यास, तर कदाचित पुन्हा ऐकू येईल. मग मात्र तुझी साद उरणार नाही. आणि तुझी साद उरली नाही, तर या सरोवरात तिच्या सुरांसाठी जागा कोण राखील?"

सारस बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपणच शिंपला कलता केला आणि गोळ्या कासवापुढे ओतल्या. वाळ्याची मुळी शिंपल्यातच राहिली. ती कासवाने मागितली नाही. त्याने सारसाची छाती तपासून निराळे औषध दिले आणि बजावले, "हे तुझे. सांगितले आहे तेवढेच घे, खोकला थांबला म्हणून मध्येच सोडू नकोस, आणि दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

"मला तर मुळीच नको हो!" टिटवी म्हणाली. "माझा घसा ठणठणीत आहे."

"ते साऱ्या सरोवराला ठाऊक आहे, बाई," कासव म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी सारस हसला.

औषध पुरे झाले, छाती मोकळी झाली. एका सकाळी सारसाने मान उंचावून साद घातली. ती पलीकडच्या तीरापर्यंत स्वच्छ पोचली. मग तो थांबला. उत्तर आले नाही, आणि येणार नाही हे त्याला ठाऊक होते. तरी दोन सुरांची ती जागा त्याने नीट, पुरती मोकळी ठेवली. आणि पान हलले तरी ओरडणारी टिटवीही तेवढा वेळ गप्प राहिली.

तात्पर्य : एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारक ठरू शकते, म्हणून गेलेल्या जिवलगाची आठवण जपावी, त्याचे उरलेले औषध जपू नये.