देवीचं पातळ आणि उगमाचं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक रंगारीण होती. जत्रेसाठी देवीचं पातळ हळदीत रंगवायचा मान तिच्या घरचा. सासूमागे तो तिच्याकडे आला आणि तिनं तो ताठ मानेनं सांभाळला.

त्या वर्षी गावाला नवा कारभारी मिळाला. माणूस हुशार, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. जत्रेला चार दिवस असताना त्यानं देवळात सगळ्यांसमोर विचारलं, "पातळ कुठल्या पाण्यात रंगवतेस गं?"

"ओढ्याच्या. आपल्या पाणवठ्यावरच्या."

"शी! शेवाळातून, बेडकांच्या अंगावरून आलेलं पाणी देवीला? ओढ्याचा उगम वर देवराईत आहे. तिथून थेट देवळापर्यंत मी बांबूच्या पन्हळी आणल्यात. यंदा पातळ उगमाच्या पाण्यात रंगेल. जमत नसेल तर मान दुसऱ्या घरी जाईल."

लोकांनी माना डोलावल्या. उगम म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

रंगारिणीनं पदर खोचला आणि तडक डोंगर चढली.

देवराईतलं पानसुद्धा उचलायचं नाही, असा गावचा नियम. त्यामुळे ऐन, जांभूळ, हिरडा यांच्या पानांचा तिथं गुडघाभर थर. त्यातून झिरपलेलं पाणी काताच्या रंगाचं होतं. तिनं एक थेंब जिभेवर घेतला आणि जीभ आखडली. "अगं बाई, हा तर काढा!"

मग ती ओढ्याच्या काठानं खाली निघाली. जिथं पाणी मातीत मुरून पुन्हा वर येत होतं, तिथं त्याचा रंग निम्मा झालेला. उघड्या कातळावर उन्हानं तो आणखी फिका केला. पुढे दगडांवर बुळबुळीत शेवाळ, त्यात बारीक किडे, किड्यांवर टपलेले मासे. पानांच्या त्या अर्कावर सगळ्यांची पोटं भरत होती. पाणवठ्याशी येईतो तळाची वाळू मोजून घ्यावी इतकं पाणी नितळ.

आता सगळं कळलं होतं: उगमाच्या काढ्यात हळदीचा पिवळा रंग मळकट झाला असता. गप्प बसून तिनं पातळ पन्हळीच्या पाण्यात बुडवलं असतं, तर मान तिच्याकडेच राहिला असता आणि दोष कारभाऱ्याच्या माथी गेला असता. पण पातळ देवीचं होतं. ते जाणूनबुजून नासवेल ती रंगारीण कसली!

जत्रेच्या आदल्या सकाळी तिनं देवळापुढे दोन घंगाळी मांडली. एकात पन्हळीचं पाणी, दुसऱ्यात पाणवठ्याचं. काळा रंग बसवायला रंगारी हिराकस वापरतात. त्याची चिमूट तिनं दोन्हींत टाकली.

"कारभारी, पांढरी चिंधी द्या एखादी."

"चिंधी कशाला? माझं उपरणं घे! पवित्र पाणी आहे ते."

"बघा हं. नंतर माझ्या नावानं ओरडाल."

"बुडव म्हणतो ना!"

तिनं उपरण्याचं एक टोक इकडे बुडवलं, दुसरं तिकडे. थोड्या वेळानं उचललं. पाणवठ्याकडचं टोक जवळपास होतं तसंच. पन्हळीकडचं तव्याच्या बुडासारखं काळं.

गुरव हसू दाबत म्हणाला, "कारभारी, उगम पावला तुम्हाला!"

"काळा रंग बसवायचा तर आम्ही कापड आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवतो, मग हिराकसात," रंगारीण म्हणाली. "राईतला काढा तुम्ही बांबूतून फुकट आणलात. वाईट नाही तो, ओढ्यातल्या जिवांचं जेवण आहे. पण माती, ऊन, किडे, मासे यांच्या हातांखालून गेल्याशिवाय त्याचं निर्मळ पाणी होत नाही. ती वाटच तुम्ही कापलीत. या पाण्यात मी पातळ बुडवणार नाही. मान काढायचा तर आत्ता काढा."

कारभाऱ्यानं उपरण्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातानं पन्हळीचा पहिला बांबू उपसला.

"पाणवठ्यावर ये बाई. पातळ पिळायला धरू लागतो."

तात्पर्य: उगमाचा डौल कितीही असो, निर्मळपणा वाटेवरच्या कष्टांनी येतो, वाट कापणाऱ्याच्या पदरी डागच पडतो.