खारक्या कुणाचा?

फार फार वर्षांपूर्वी, नगरांना तट होते आणि दिवस मावळला की वेशी बंद होत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांना सांगतोय खरी, पण मोठ्यांनीही जरा कान उघडे ठेवावेत. त्यांच्यासाठीच तर घसा कोरडा करतोय.

एक नगर होतं. फरसबंद रस्ते, दारोदारी रांगोळ्या, माणसंही तशी शहाणी. पण राणीने एकदा कुत्रा पाळला आणि सगळ्यांचं शहाणपण गेलं. राणीकडे कुत्रा, मग आमच्याकडे का नको? आसपासच्या गावांतून टोपल्या भरभरून पिल्लं आली. पाहुणा आला की त्याच्यादेखत कुत्र्याला तुपातली पोळी भरवायची, त्याच्या गळ्यातले घुंगरू वाजवून दाखवायचे. हौसेला काही तोटा नव्हता.

पण या कुत्र्यांना हिंडवायचं कुणी? हातात दोरी धरून रस्त्याने चालायचं म्हणजे यांना कमीपणा. म्हणून त्यांनी एक रीत पाडली. सकाळी दार किलकिलं करायचं, कुत्र्याला बाहेर ढकलायचं आणि कडी लावून घ्यायची. कुत्रा बिचारा शेजारच्या रांगोळीवर आपलं उरकायचा आणि येऊन दारापाशी बसायचा.

मग शेजारी ओरडायचा, "कुणाचं रे हे कुत्रं?" साऱ्या आळीत चिडीचूप. आणि ओरडणाऱ्याचा स्वतःचा कुत्रा त्याच वेळी तिसऱ्याच्याच ओट्यावर मागचा पाय वर करून उभा असायचा. आता काय म्हणावं या लोकांना!

शेवटी राजा वैतागला. त्याने दवंडी पिटवली, "कुत्रा ज्याचा, घाण त्याने उचलावी. आणि ज्या कुत्र्याला कुणीच आपला म्हणणार नाही, त्याला वेशीबाहेर काढावं."

हुकूम सरळ होता. पण सरळ हुकूम पाळले असते, तर ही गोष्ट कशाला झाली असती?

याच नगरात एक कापडाचा व्यापारी राहायचा. त्याचा कुत्रा खारकेच्या रंगाचा, म्हणून त्याचं नाव खारक्या. व्यापाऱ्याने त्याला मिरवायला आणला आणि हौस फिटल्यावर विसरून गेला. खारक्याला सांभाळलं ते व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने. तिला फार अंधुक दिसायचं. खारक्या पुढे, दोरी धरून ती मागे, अशी दोघं रोज देवळापर्यंत जायची. रस्त्यात दगड आला, बैलगाडी आली, की खारक्या थांबायचा. म्हातारीच्या दुसऱ्या हातात राखेची परडी आणि एक खापर असायचं. खारक्याने घाण केली की ती चाचपडत राख टाकायची आणि खापराने उचलायची. अख्ख्या नगरात हे काम करणारी ती एकटी, आणि तिलाच धड दिसत नव्हतं.

एकदा म्हातारीचा गुडघा सुजला. ती मुलाला म्हणाली, "अरे, आज तेवढं खारक्याला तू हिंडवून आण."

"मी? भर बाजारातून कुत्र्याची दोरी धरून? आई, लोक काय म्हणतील?"

त्याने दार किलकिलं केलं आणि खारक्याला बाहेर ढकललं. खारक्याने उरकलं ते नेमकं कोतवालाच्या पायरीवर. कोतवाल नवी पगडी घालून दरबाराला निघाला होता. पाय पडला, घसरला, पगडी एकीकडे आणि कोतवाल दुसरीकडे!

कोतवाल खारक्याला ओढत चौकात घेऊन आला. "कुणाचा हा? आत्ता सांगा!"

गर्दीत व्यापारीही होता. त्याला पाहून खारक्याने शेपूट हलवली, दोरीला हिसडा दिला आणि त्याच्या पायाशी येऊन बसला.

"शेटजी, तुमचा का?"

"छे हो! मी तर याला ओळखतही नाही." व्यापाऱ्याने कानांवर हात ठेवले. खारक्या त्याचा पाय चाटत होता. "कुत्री काय, कुणाच्याही पायाशी बसतात."

बाकीच्यांनी खारक्याला रोज म्हातारीबरोबर पाहिलं होतं, पण उद्या आपल्या कुत्र्याची पाळी येईल म्हणून तेही गप्प. मग काय, खारक्याला वेशीबाहेर काढलं. घरी व्यापाऱ्याने आईला सांगितलं, "पळून गेला."

"खारक्या? आणि पळून गेला?" म्हातारीचा विश्वास बसेना. मुलगा दुकानात गेल्यावर ती काठी टेकत, हाका मारत एकटीच बाहेर पडली.

दुपारी व्यापारी घरी आला, तर आई नाही. आळी पालथी घातली, देऊळ पाहिलं, विहिरीत डोकावला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा कुठे त्याला खारक्या आठवला. तो वेशीकडे धावला. हाकललेली कुत्री परत शिरू नयेत म्हणून वेशीचं दार हल्ली दिवसाही लावलेलं असायचं. खारक्या बाहेर दाराच्या फटीला नाक लावून बसला होता.

द्वारपाल म्हणाला, "ज्याला मालक नाही, त्याला आत घेता येत नाही. तुमचा आहे का?"

जवळच कोतवाल उभा होता. माणसं जमली होती. आई हरवली आहे, आणि हा गडी अजून इकडेतिकडे बघतोय! अखेर त्याने मान खाली घातली. "माझा आहे. सकाळी खोटं बोललो."

दार उघडलं. खारक्या सुटला तो थेट कुंभारवाड्यामागे, माती काढून झालेल्या खोल खड्ड्यापाशी. मागोमाग व्यापारी आणि कोतवालही पोचले. खाली म्हातारी पडली होती. पाय मोडला होता, हाका मारून आवाज बसला होता, पण जीव होता.

तिला वर काढलं. कोतवालाने रागारागाने सकाळची सगळी हकीगत तिला ऐकवली. व्यापारी म्हणाला, "आई, चल, घरी चल."

म्हातारीने खारक्याच्या गळ्यात हात घातला. "तुझ्या पायाशी बसला होता, तरी तू त्याला ओळख दिली नाहीस. आता मीही अंथरुणाला खिळणार. माझंही सगळं तुलाच उचलावं लागेल. तेव्हा मला ओळखशील का रे?"

व्यापारी तिथेच मातीत बसून लहान मुलासारखा रडला.

म्हातारी पुढे कधी चालली नाही. व्यापारी मात्र रोज सकाळी परडी आणि खापर घेऊन, खारक्याची दोरी धरून बाजारातून जाऊ लागला. लोक हसले. काही वरमले आणि त्यांनीही दोऱ्या हातात घेतल्या. सगळं नगर सुधारलं, असं मात्र मी सांगणार नाही. काही दारं अजूनही सकाळी किलकिली होतात.

म्हणून सांगतो: ज्या जिवाला आपला म्हणून घरात आणलं, त्याची घाण उचलतानाही त्याला आपलाच म्हणावं.