वेशीबाहेरून आलेलं गाठोडं

या, दोघं इकडे सरका. शाल्मली, तू भिंतीकडे. निषाद, पाय पोटाशी घे, काल माझ्या बरगडीत लाथ हाणली होतीस. आणि हळू बोलायचं, बरं का. पलीकडच्या खोलीत तुमच्या आईचा आत्ता कुठे डोळा लागलाय. उद्या तिचं डोहाळजेवण आहे, तिला झोप हवी. काय गं? माझ्या हातांना कसला वास येतोय? सांगेन, सांगेन. आधी गोष्ट.

तर एकदा काय झालं, सात तळ्यांच्या काठी एक राज्य होतं. तिथं राजा होताच, पण या गोष्टीत त्याला फारसं काम नाही. गोष्ट आहे राणीची. राणीचं नाव केतकी.

केतकी काही राजकन्या नव्हती हो. केवड्याच्या बनात टोपलीत सापडलेली पोर ती. एका म्हाताऱ्या फुलारणीला सापडली, नि तिनंच तिला वाढवली. केतकी तिला फुलाआजी म्हणायची. वेशीबाहेर त्यांची झोपडी होती. दिवसभर दोघी देवळाच्या पायरीवर बसून गजरे करायच्या. मग एक दिवस फुलाआजी देवाघरी गेली. मग राजा देवळात आला, केतकीनं त्याच्या हातावर एक फूल ठेवलं, आणि त्यानं तिथंच लग्न ठरवून टाकलं. राजेलोकांचं सगळं घाईचं.

राजवाड्यात होती सासू. तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. उंच, ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. नियम म्हणजे नियम, त्यात तसूभर इकडचं तिकडे खपायचं नाही. सुनेशी त्या दिवसातून तीनदाच बोलत. सकाळी म्हणत, "उठलीस?" दुपारी म्हणत, "जेवलीस?" आणि दिवे लागले की म्हणत, "नीज आता." संपलं! केतकीला वाटायचं, फुलारणीची पोर घरात आली ते यांना रुचलेलं नाही. पण विचारायची छाती कुणाची?

मग काय झालं, केतकीला दिवस गेले. राज्यात साखर वाटली. तिला डोहाळे लागले. आधी चिंचा हव्या झाल्या. मग कवठ हवं झालं. मग म्हणाली, कोऱ्या माठातलं पाणी प्यावंसं वाटतंय. कुंभारानं रातोरात माठ घडवला, भाजला, आणि आणून दिला. सगळं कसं छान चाललं होतं.

पण पाचवा महिना गेला, सहावा गेला, तरी बाळ हलेना! पाण्यात मासोळी सुळकन वळते ना, तसं बाळ पोटात वळतं. तुम्ही दोघांनी तर तुमच्या आईच्या पोटात नुसता धुडगूस घातला होता. केतकीचं बाळ मात्र गप्प. ती पोटावर हात ठेवून तासन्‌तास बसायची, आणि हाताला काहीच लागायचं नाही.

मग कोंडाई सुईणीला बोलावलं. तिनं पोटाला कान लावला, डोळे मिटले. म्हणाली, "बाळ गुटगुटीत आहे हो. काळीज छान वाजतंय. पण ते गाढ निजलंय. बाळाला आजोळची हाक लागते, राणीबाई. आजोळाहून कुणी पहिली ओटी घेऊन आलं की ते कूस बदलतं. नववा महिना लागायच्या आत ती हाक आली पाहिजे. नाही आली, तर ते निजलेलंच जन्मेल आणि निजलेलंच राहील."

तिचं माहेर म्हणजे फुलाआजी. तीच उरली नव्हती, तर बाळाला आजोळ कुठून आणायचं? ती पदर तोंडाला लावून रडली.

राजवाड्याच्या अंगणात एक जाईचा वेल होता. त्या राज्यातली रीतच अशी, की माहेरची ओटी भरली की तो वेल फुलायचा, आणि त्याच फुलांची वाडी लेकीला घालायची. वाडी म्हणजे फुलांचे दागिने रे निषाद. फुलांची बिंदी, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कमरपट्टा. तर त्या वेलाला कळ्या लागल्या होत्या, आणि सगळ्या मुठी आवळून बसल्या होत्या.

मग राजानं आईला विचारलं, "आईसाहेब, माहेरचं माणूस म्हणायचं तरी कुणाला?"

थोरल्या बाईंनी नियम घडाघडा सांगितला. "वेशीबाहेरून पायी येतं. डोक्यावर गाठोडं आणतं. गाठोड्यातलं सगळं स्वतःच्या हातचं असतं. आणि उंबऱ्यापाशी थांबून आधी विचारतं, माझी लेक कशी आहे? त्याला माहेरचं माणूस म्हणायचं."

राजानं अर्धवट ऐकलं, आणि दवंडी पिटली, की राणीला माहेर पाहिजे!

मग पहिली आली पूर्वेच्या देशाची राणी. पालखीतून आली. तिनं केशर घातलेलं उटणं आणलं. दहा दासींनी ते केतकीच्या हातापायांना चोळलं. केतकीची कांती अशी झाली की आरशानं वळून बघावं. पण बाळ काही हललं नाही.

मग दुसरी आली पश्चिमेच्या बंदरावरची जहाजवाली. गलबतातून आली. तिनं नाना तऱ्हेची पक्वान्नं आणली. केतकीनं सगळ्यांतला एकेक घास खाल्ला. पण बाळ हललं नाही.

मग तिसरी आली उत्तरेच्या बागांची मालकीण. रथातून आली, रथभर गुलाब घेऊन आली. तिनं केतकीला नखशिखांत फुलांनी मढवली, झोपाळ्यावर बसवली. वेलावरच्या कळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि बाळ?

हां. बाळ नाही हललं.

आता बघा हं. तिघी आल्या, तिघी चांगल्या होत्या, पण पायी एकही आली नाही. स्वतःच्या हातचं एकीनंही आणलं नाही. आणि तिघींनीही आल्या आल्या विचारलं, राजेसाहेब कुठे आहेत? लेक कशी आहे, हे कुणी विचारलंच नाही.

मग आठवा महिना सरत आला. उरले चार दिवस. केतकी दुपारची वेलाखाली बसली आणि पोटातल्या बाळाशी बोलायला लागली. "राजा, माझी फुलाआजी असती ना, तर तिनं सगळ्यांत आधी मला उटणं लावलं असतं. न खपलेली फुलं ती सावलीत वाळवायची. त्यात मसुरीची डाळ, वाळा, नागरमोथा घालून जात्यावर दळायची. मग कोमट तेलाचं बोट माझ्या टाळूवर ठेवायची आणि म्हणायची,

जाई गं जाई, उमल उमल,
माझ्या सोनीचं पाऊल कोमल.

मला दुसरं काही नको रे. तेवढाच एक डोहाळा उरलाय, आणि तो पुरवणारं कुणी नाही."

तिला वाटलं, कुणी ऐकत नाही. पण खांबाआड कोण होतं माहीत आहे? थोरल्या बाई! "जेवलीस?" विचारायला आल्या होत्या. तशाच पाऊल न वाजवता परत गेल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून थोरल्या बाई गायब! "उठलीस?" नाही, "जेवलीस?" नाही, "नीज आता" नाही. राजानं सातही तळी शोधली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. केतकीला नवल वाटलं, की त्या तीन शब्दांवाचून तिला करमेना. ती मनात म्हणाली, अगंबाई, मला सासूबाईंची सवय झालीय की काय!

मग तिसरा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी नववा लागणार होता. सकाळी सकाळी राजवाड्याच्या दारावर थाप पडली. कोण उठतंय? राजा दमून झोपला होता, पहारेकरी पेंगत होते. मग केतकीच कमरेवर हात ठेवून हळूहळू गेली आणि तिनं दार उघडलं.

दारात एक बाई उभी होती. साधं लुगडं, पाय धुळीनं माखलेले, टाचेला भेग पडून रक्त आलेलं. डोक्यावर भलंमोठं गाठोडं. आणि ते गाठोडं बांधलं होतं फुलाआजीच्या जुन्या लुगड्यात! ती हिरवी किनार केतकी कशी विसरेल?

त्या बाईनं आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "माझी लेक कशी आहे?"

केतकीनं वर पाहिलं. उंच, ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्या तोंडून निघालं, "सासूबा..."

"गप!" ती बाई म्हणाली. "कोण सासूबाई? मी माहेराहून आलेय. तुझी सासू आहे कुठे? कुठे उलथलीय मेली? माझ्या लेकीशी धड चार शब्द बोलत नाही म्हणे! भेटू तर दे मला, अशी खडसावते की ज्याचं नाव ते!"

केतकी आधी बघतच राहिली. मग खुदकन हसली. मग हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात राजा डोळे चोळत आला, तर बाई पदर सावरून म्हणते कशी, "काय जावईबापू, बरं आहे ना?" राजाचं तोंड जे उघडं पडलं ते मिटेचना!

मग केतकीनं तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आईला घरात घेतलं. झोपाळ्याखाली बसून गाठोडं सोडलं. आत उटणं होतं, जाडंभरडं. थोरल्या बाईंनी जन्मात जातं ओढलं नव्हतं ना! फुलाआजीच्या बंद झोपडीत राहून, तिच्याच जात्यावर दोन दिवस दळलं होतं त्यांनी. तळहातांना हे एवढाले फोड आले होते. एक तेलाची कुपी होती. आणि चार गुळाच्या पोळ्या होत्या, एका बाजूनं करपलेल्या. केतकीनं चारही खाल्ल्या, बरं का. एक तुकडासुद्धा कुणाला दिला नाही.

मग माहेरच्या आईनं लेकीला पाटावर बसवलं. हातापायांना उटणं लावलं. पोटावरून नुसता तेलाचा हात फिरवला, अगदी अलगद, दाबायचं नाही. मग कोमट तेलाचं बोट टाळूवर ठेवलं, आणि त्या कडक आवाजात, अगदी बेसूर, म्हणाली,

"जाई गं जाई, उमल उमल,
माझ्या सोनीचं पाऊल कोमल."

आणि काय सांगू! पोटात मासोळी वळली! एकदा वळली, दोनदा वळली, आणि तिसऱ्यांदा तर अशी ढुशी दिली की थोरल्या बाईंचा हात उडाला. केतकी ओरडली, "आई, उठलं! बाळ उठलं!"

अंगणात जाईच्या कळ्यांनी एकदम मुठी सोडल्या. वास सातही तळ्यांवरून पलीकडे गेला. मग बायका धावत आल्या. कुणी बिंदी गुंफली, कुणी बाजूबंद, कुणी कमरपट्टा. मग केतकीची ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. मग तिला नावेत बसवून साती तळ्यांवर फिरवली. नाव हळूहळू चालली होती, पाण्यावर फुलं तरंगत होती. झुलत झुलत केतकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. कितीतरी दिवसांनी गाढ निजली.

पुढे तिला मुलगी झाली. जन्मली तीच डोळे टक्क उघडे ठेवून. मग थोरल्या बाई पुन्हा सासू झाल्या. पण आता त्या "जेवलीस?" म्हणत, आणि समोर बसून पोटभर वाढत. आणि वर्षातून एकदा गुपचूप वेशीबाहेर जात, गाठोडं घेऊन परत येत, आणि सासूला चांगली खडसावून जात. सगळी सुखात राहिली, पोटभर जेवली, वेळेवर झोपली.

झाली गोष्ट. आता वास कसला ते सांगते. पण हे आपल्या तिघांतच हं.

तुमच्या आईला आई नाही. भिंतीवरच्या फोटोतली ती आजी, तुमचं आजोळ, ती तुम्ही व्हायच्या आधीच गेली. तुमच्या दोघांच्या वेळी मी काय केलं? ओटी बाजारातून आणली, कपाटावर ठेवली, आणि म्हटलं, भरा. तुमच्या आईनं ती भरून घेतली. पण तिनं दोन्ही वेळा दाराकडे पाहिलं होतं, ते मी पाहिलंय. तेव्हा मला सुचलं नाही गं बाई, खरंच सुचलं नाही.

म्हणून आठ दिवस उटणं कुटतेय, तुम्ही शाळेत गेलात की. त्या आजीची एक चौकटीची साडी तुमच्या आईच्या ट्रंकेत होती, ती मी तिला न विचारता काढलीय. त्यातच बांधलंय सगळं. उद्या सकाळी आजी घरात दिसली नाही तर गलका करायचा नाही. मी लिफ्टनं खाली जाणार, नाल्याच्या पुलापलीकडे जाणार, तीच आपली वेस. आणि येताना जिन्यानं येणार, तिन्ही मजले, गाठोडं डोक्यावर घेऊन. गुडघे बोंबलतील, बोंबलू देत. तुमच्या बाबाला जावईबापू म्हणणार आहे, त्याचं तोंड बघून ठेवा.

बेल वाजली की दार आईला उघडू द्यायचं. शाल्मली, तू पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहा. निषाद, तुझ्याकडे भाकरतुकडा, आणि तो खायचा नाही. मी "माझी लेक कशी आहे?" म्हटलं की हसायचं नाही. रडायचंही नाही, रडायला मी आहे.

काय रे? झोपलास? ही पण झोपली. झोपा, सोन्यांनो. मलाही पहाटे उठायचंय, माहेराहून यायचंय.