बिळाचं माप

माळाला कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. टिपरी उंदरीण खाऊन खाऊन इतकी फुगली, की बिळाच्या तोंडातच अडकली. साळिंदरकाकांनी तिला दाणे मोजून खायला लावलं. ती बारीक झाली, तरी मोजणं काही सुटेना. एकदा ती मोजण्यात इतकी गुंगली, की मांजराने तिच्या शेपटीचं टोक तोडून नेलं.

दुसऱ्या दिवशी टिपरी न मोजताच खायला बसली.

"पोरी, पुन्हा फुगशील," काकांनी बजावलं.

"मोजून बारीक झाले, हे कबूल. पण जन्मभर नाही मोजणार," टिपरी म्हणाली. "बिळाचं तोंड अंगाला घासायला लागलं, की कमी खाईन. तेवढं मला कळतं."

पोट भरल्यावर उरलेले दाणे तिने तिथेच टाकले आणि काकांच्या डोळ्यांदेखत सुळकन बिळात शिरली.